आत्याला वाळीत टाकलं तेव्हा

‘वाळीत’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो गुंजवण्याच्या आमच्या घरात. मी आठ-नऊ वर्षांची असेन. भात वाळत घालतात, मिरच्या वाळत घालतात, एवढंच मला ठाऊक होतं. आई म्हणाली, “आपल्याला वाळीत टाकलंय,” तेव्हा मी विचारलं, “कुठं, अंगनात?” आई हसली नाही.

घडलं होतं ते असं. वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, नवरा गेल्यापासून आमच्याकडंच राहायची. आसपासच्या वाड्यांतली बाळंतपणं तीच करायची. उन्हाळ्याच्या अखेरीस एका दुपारी महारवाड्यातला एक माणूस अंगणाबाहेर येऊन उभा राहिला. त्याची बायको आदल्या दिवसापासून अडली होती. ‘चला’ म्हणायची त्याची छाती नव्हती. त्यानं नुसतं विचारलं, “काय करावं, बाय?”

आत्यानं हातातलं सूप खाली ठेवलं, तेलाची वाटी घेतली आणि त्याच्यामागं निघाली.

“आक्का, गाव काय म्हनंल?” वडील म्हणाले.

“गाव न्हाई अडलं. बाई अडलीया.”

मूल पायाळू होतं, पण दोघंही वाचली. आत्या ओढ्यावर अंघोळ करून घरी आली, तशी ती प्रत्येक बाळंतपणानंतर करायचीच.

दुसऱ्या दिवशी देवळात पंच बसले. आत्यानं प्रायश्चित्त घ्यावं आणि आमच्या घरानं गावजेवण घालावं, असं ठरलं. आत्याला देवळाच्या पायरीखाली उभं केलं होतं. एक म्हातारे पंच तिला समजुतीनं म्हणाले, “चुकले म्हन, पोरी. मिटवून टाकू.”

“चुकले आसते तर म्हनले आसते.”

त्या दिवसापासून गाव आमच्याशी बोलेनासं झालं. सकाळी चूल पेटवायला शेजारणी एकमेकींकडून विस्तव न्यायच्या. आमच्या हातातल्या शेणीवर कुणी निखारा ठेवेना. न्हावी येईना. गुराखी आमची गुरं सोडून बाकीची घेऊन रानात जाई. माझ्या मैत्रिणीनं मला लांबून बघितलं की तिची आई तिचं तोंड हातानं दुसरीकडं वळवायची. कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. तसं झालं असतं तर निदान आमच्याकडं कुणी बघतंय असं तरी वाटलं असतं.

भाताच्या लावणीला सगळं गाव एकमेकांच्या खाचरात राबतं. आमच्या खाचरात घरचेच तेवढे वाकलेले. रोपं जून व्हायला लागली. तेव्हा तो महारवाड्यातला माणूस बांधावर आला. “आमी येतो. आमच्या पायीच झालं ह्ये.”

वडिलांनी हात जोडले. “नगा येऊ. आजून वाढंल.”

तो परत गेला. आत्या त्यानंतर दिवसभर वडिलांशी बोलली नाही.

श्रावणात आजोबा वारले. विंझरहून मामा आला, वडील होते. पण तिरडीला खांदा द्यायला आणखी दोन माणसं मिळेनात. पावसात प्रेत दारात तसंच. शेवटी पंच आले आणि पागोळ्यांच्या बाहेर उभे राहिले. म्हणाले, “जेवान घाला. आनि बहिनीला घरात ठिवू नका. मंग खांदा देतो.”

वडिलांनी आत्याकडं बघितलं. तिनं आपल्या बापाच्या पायांवर डोकं टेकलं, खुंटीवरची घोंगडी घेतली आणि मागच्या दारानं गेली. चारी खांदे लागले. महिन्याभरानं देवळात गावजेवण झालं. दुसऱ्या सकाळी शेजारणीनं आईच्या शेणीवर निखारा ठेवला. आई तो घेऊन आली आणि चुलीपुढं बसून तिनं जाळ केला.

पुढं लग्न होऊन मी भोरजवळ उत्रोलीला गेले. शेजारी एक म्हातारे गुरुजी राहायचे. त्यांना मी हा शब्द विचारला. जुन्या मराठीत ‘वाळणं’ म्हणजे टाकून देणं, वर्ज्य करणं, असं ते म्हणाले. उन्हात वाळवण्याशी त्याचं नातं आहे की नाही, हे त्यांनाही नक्की सांगता येईना. मी म्हटलं, “संस्थानाच्या कचेरीत याची दाद का मागता येत नाही?” ते म्हणाले, “कुणाविरुद्ध मागणार? तुमच्याशी बोलू नका, असा हुकूम कुणीच काढलेला नसतो.”

आत्या गुंजवण्याच्या वरच्या पठारावर धनगरांच्या वस्तीत राहत होती. शेरडं राखायची, तिथल्या बायकांची बाळंतपणं करायची. भोर संस्थान विलीन झालं त्या साली वडील मला बरोबर घेऊन तिला आणायला गेले. चढ चढून त्यांना धाप लागली होती. आत्यानं आधी त्यांना ताक दिलं.

“आक्का, आता राज्य आपलं झालं. घरी चल.”

“पंच कोन हायेत?”

“त्येच.”

आत्या शेरडाच्या पिलाला पाजत होती. वर न बघता म्हणाली, “मंग हितंच बरं हाय मला.”

वडिलांनी ताकाचं भांडं रितं केलं. मग त्यांनी तिच्यासाठी आणलेली तांदळाची पिशवी खोपटात नेऊन ठेवली आणि आम्ही उतरायला लागलो.