रिकामा ठोका

आण्णांनी कोयते एकेक करून उकिरड्यावर फेकले. बारा होते. मी मोजले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"घिसाड्याच्या बाईनं केलेलं हत्यार माझ्या उसाला लागायचं न्हाई," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला विचारलं, "हिची पाळी चालू हुती का हे करताना?"

अंगणात आठ-दहा बापये होते. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर होता, ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम होता. कुणी हसलं नाही. हसले असते तर एक वेळ बरं झालं असतं. सगळे उत्तराची वाट बघत उभे होते. म्हैस गाभण आहे का, असं विचारल्यावर उभे राहतात तसे.

नवरा म्हणाला, "न्हाई आण्णा. तिनं न्हाईच केलं. मी केल्यात सगळं. ती निस्ता घण मारती."

मला राग आला नाही. हे खरं सांगते. लोक समजतात की अशा वेळी माणूस आतून पेटतो. मी पेटले नाही. माझ्या तळव्यांना तापलेली माती लागत होती, तेवढंच कळत होतं. बाकी सगळं अंग दुसऱ्या कुणाचं तरी होतं.

आमचं ताडपत्रीचं पाल तेव्हा इस्लामपूरच्या बाहेर फाट्यावर होतं. आमच्यात रीत अशी की बापयानं ऐरणीशी बसायचं. डाव्या हातात सांडशी धरायची, तिच्यात तापलेलं लोखंड. उजव्या हातात लहान हातोडा. बाईनं समोर उभं राहून घण मारायचा. हातोडा जिथं टेकेल तिथंच घण पडला पाहिजे. बोलायचं काही नाही. हातोड्यानं नुसत्या ऐरणीवर एक ठोका मारला, लोखंडावर नाही, बाजूला, रिकामा, की घण थांबवायचा. तो ठोका मी लग्न होऊन आल्यावर पहिल्या दिवशी शिकले. पुढं वीस वर्षं त्या आवाजावर माझे खांदे आपोआप थांबत आले. आणि खोटं कशाला सांगू, नुसता घणच थांबत नव्हता. गिऱ्हाइकासमोर मी काही बोलायला लागले की नवरा तसाच ठोका मारायचा. मी गप्प व्हायचे.

अंगणातल्या त्या दिवसाच्या दोन वर्षं आधी नवऱ्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, हात गेला. दवाखान्यातून परत आल्यावर आठ दिवस भट्टी थंड होती. नवव्या दिवशी मी सांडशी धरली. समोर घण घेऊन माझी नणंद उभी राहिली. तिच्या नवऱ्यानं टाकलेली बाई ती, तिलाही काम पाहिजे होतं.

घण मारणं म्हणजे ताकद. सांडशी धरणं म्हणजे डोळे. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा तुकडा भट्टीत घालायचा, पिकल्या पपईसारखा झाला की काढायचा, आणि काळपट पडायच्या आत त्याला कोयत्याचा बाक द्यायचा. काळ्या लोखंडावर घाव घातला की ते आतून चिरतं. वरून दिसत नाही, उसाच्या फडात दिसतं. मग पाणी द्यायचं. लालभडक कोयत्याची नुसती धार पाण्यात बुडवायची, पाठ नाही. बाहेर काढून कानस मारून बघत बसायचं. पाठीतली ऊब हळूहळू धारेकडे येते, तिथं वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढतो. तेवढ्यात सगळा कोयता बुडवायचा. रंग निळा झाला की धार मऊ पडली, काम वाया. उन्हात हे रंग दिसत नाहीत, म्हणून सावलीत बसायचं. सुरुवातीला माझे पाच-सहा कोयते वाया गेले. नंतर एकही गेला नाही.

पण हे सगळं गोणपाटाच्या आड. रस्त्याकडे, गोणपाटाच्या पुढं, नवरा बसायचा, हातोडा मांडीवर ठेवून. गिऱ्हाईक आलं की आम्ही हात थांबवायचो. तो म्हणायचा, "हुतंय, उद्या न्या." बाईच्या हातचं हत्यार कोण घेणार, असं तो म्हणायचा, आणि मलाही ते खरं वाटायचं. माझंच काम मी चोरून करत होते.

आण्णांच्या अंगणात ते उघडं पडलं. त्यांच्या उसाची तोड सुरू व्हायची होती. पहिल्या कोयत्याची पूजा करून नारळ फोडतात, म्हणून आम्हाला कोयते घेऊन बोलावलं होतं. एका कोयत्याची मूठ ढिली निघाली. जागेवरच शेकोटी करून मागचं टोक तापवलं, म्हणजे लाकडी मूठ त्यावर घट्ट ठोकता येते. आण्णांनी नवऱ्याला सांगितलं, "घे, बसीव." सगळे बघत होते. त्यानं डाव्या हातानं सांडशी धरली. उजव्या हातानं मूठ उचलता येईना. सांडशीची पकड सुटली आणि तापलेला कोयता मातीत पडला.

मी विचार केला नाही. पुढं झाले, त्याच्या हातातून सांडशी घेतली, कोयता उचलला, मूठ ठोकली, पाण्यात घातला. सवयीनं. वर बघितलं तर सगळे माझ्या हाताकडे बघत होते.

मग तो उकिरडा. मग तो प्रश्न.

बापये पांगल्यावर मी आणि नणंद कोयते वेचायला गेलो. शेणात हात घालून शोधले. अकरा सापडले, बारावा मिळाला नाही. पाटाच्या पाण्यात धुतले. नवरा लांब उभा होता. खोटं सांगून आपण मला वाचवलं असं त्याला वाटत असावं. मी घरी येऊन भाकरी केल्या. जेवले. झोप पण लागली.

दहाव्या दिवशी आण्णा स्वतः पालापाशी आले. मोटारसायकल लांब झाडाआड लावली, कुणाला दिसू नये म्हणून. दुकानातून आणलेले कोयते दुपारपर्यंत बोथट होत होते. टोळी कुरकुरत होती, दुसऱ्याच्या फडात जातो म्हणत होती.

"तुमचा एक कोयता टोळीतल्या बाईनं उचलला हुता त्या दिवशी," आण्णा म्हणाले. "त्याची धार अजून गेली न्हाई. राहिलेलं अकरा दे."

म्हणजे बारावा कोयता दहा दिवस त्यांच्याच उसात चालत होता. उसाला काही झालं नव्हतं.

मी उठले. कोयते पोत्यात बांधलेले होते. आण्णा नवऱ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "पण कुणी इचारलं तर तूच केल्यात म्हणायचं. मला गावात तोंड दाखवायचंय."

नवरा म्हणाला, "व्हय आण्णा."

मी पोतं खाली ठेवलं. "थांबा," म्हणाले.

नवऱ्यानं डाव्या हातानं हातोडा उचलून ऐरणीवर ठोका मारला. टण.

माझ्या हातात घण नव्हता, तरी खांदे थांबले. जीभ थांबली. वीस वर्षं. आणि मला पहिल्यांदा दिसलं की ऐरणीवर लोखंड नाही. भट्टी विझलेली आहे. मग हा ठोका कुणाला?

"कोयतं मी केल्यात," मी म्हणाले. "पाणी मी दिलंय. पाळी चालू हुती तवा बी केल्यात आन नव्हती तवा बी. त्या दिवशी अंगणात जी माणसं हुती, त्यांच्या म्होरं हे म्हणा. मग न्या."

पुन्हा ठोका पडला.

"ठोकू नका," मी नवऱ्याला म्हणाले. "भट्टीत लोखंड न्हाई."

आण्णा माझ्याकडे बघत राहिले. त्या अंगणात एकदाही बघितलं नव्हतं. "कुणाशी बोलतीस कळतंय का तुला?"

"व्हय."

"पाल उचलावं लागंल."

"उचलू."

ते गेले. तिसऱ्या दिवशी पंचायतीचा माणूस जागा खाली करा म्हणून सांगायला आला. आम्ही ऐरण गाड्यावर चढवली आणि तासगावच्या रस्त्याला आलो. अजूनही नवऱ्यानं मला माफ केलंय असं वाटत नाही, आणि मी माफी मागितलेलीही नाही. अकरा कोयते दुसऱ्या टोळीनं नेले. त्या टोळीच्या मुकादमानं विचारलं, कुणी केले. मी सांगितलं. त्यानं अंगठ्यानं धार बघितली आणि पोतं उचललं.

आता गोणपाट नाही. मी रस्त्याकडे तोंड करून बसते, समोर नणंद घण मारते, नवरा डाव्या हातानं भट्टीचा पंखा फिरवतो. गिऱ्हाईक त्याच्याकडे बघून विचारतं, "मिस्त्री कुठं हाय?" मी सांडशी खाली ठेवत नाही. "बोला," म्हणते. काही जण निघून जातात. जाऊ देत.

रिकामा ठोका आता मी मारते. लोखंड गार झालं, घण थांबव, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या कुणाच्या ठोक्यावर मी तोंड मिटणार नाही.