अकरा फेऱ्यांचा अळणी उपास

गेल्या हिवाळ्यात माझ्या आईनं जेवण टाकलं. पित्ताशयाचं ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं, टाके सुकले होते, डॉक्टरांनी सगळं खायची परवानगी दिली होती. पण ताट समोर आलं की ती दोन घास चिवडायची आणि ताट बाजूला सारायची. जिनं उभ्या आयुष्यात आम्हाला पानात काही टाकू दिलं नाही, ती बाई डाळभाताकडे परक्यासारखी बघत बसायची. माझी बायको सुषमा रोज काहीतरी नवं करून बघायची. मी कधी लाडीगोडी लावायचो, कधी चिडायचो, आणि मग चाळीच्या गॅलरीत जाऊन उभा राहायचो. मी नास्तिक नाही, पण देवाकडे काही मागायची मला लाज वाटते. शिवाय आपलं ऐकणारं तिथं कोणी आहे का, ही शंका मनात असायचीच. एका संध्याकाळी मात्र गॅलरीतूनच प्रभादेवीच्या दिशेनं हात जोडले आणि म्हटलं, बाप्पा, हिला पोटभर जेवू दे, मी सायकलवरून तुझ्या अकरा प्रदक्षिणा घालीन, त्याही अळणी उपास करून.

काही दिवसांनी आईनं स्वतःहून सुकटीची चटणी मागितली. नवस बोललो गणपतीला आणि आईला आठवली सुकट, यावर सुषमा खूप हसली. आईनं त्या चटणीबरोबर दीड भाकरी खाल्ली आणि तिथून तिची गाडी रुळावर आली. तो औषधांचा गुण होता की सुकटीचा की आणखी कुणाचा, या वादात मी पडत नाही. मी शब्द दिला होता, एवढं मला ठाऊक होतं.

आता थोडं माझ्या सायकलीविषयी सांगायला हवं. मी लालबागचा. चाळिशीनंतर वजन उतरवायला म्हणून सायकल घेतली आणि नाद लागला. दोनशे-तीनशे किलोमीटरच्या राइड केल्या आहेत, आणि आमच्या ग्रुपमध्ये लांबच्या राइडला काय खावं हे नवशिक्यांना समजावण्याचं काम माझ्याकडे असतं. भूक लागायच्या आत खा, नुसतं गोड खाऊ नका, मीठ विसरू नका, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की मुलं मला पाहिलं की खिशातला मीठ लावलेला उकडलेला बटाटा काढून दाखवतात. तोच मी, उन्हाळ्याच्या तोंडावर, मिठाचा कणही तोंडात न घालता अडीचशे किलोमीटर मारायला निघालो होतो. खरं तर मीठ घातलेली साबुदाण्याची खिचडी कुठल्याही उपासाला चालते. पण शब्द म्हणजे शब्द. देवाला वाटेल तेव्हा सवलत मागायला तो काय आपला वाणी आहे, असा माझा बाणेदार विचार.

फाल्गुनातल्या संकष्टीचा दिवस ठरवला. प्रभादेवीहून निघायचं, दादर, परळ, लालबाग, भायखळा करत गिरगावात उतरायचं, चौपाटीवरून पेडर रोड चढून हाजी अली, वरळी आणि पुन्हा प्रभादेवी. देव सतत उजव्या हाताला राहिला पाहिजे, म्हणून दिशासुद्धा नीट पाहून घेतली. सुषमानं मोबाइलवर नकाशा पाहिला आणि म्हणाली, "अहो, देऊळ तर रस्त्यावरच येतंय. फेऱ्याच्या आत आहे ती आपली चाळ. तुम्ही नक्की कुणाला प्रदक्षिणा घालताय?" मी तिला म्हटलं, सकाळी सकाळी डोकं खाऊ नकोस, खजूर भरून दे.

खजूर, केळी, राजगिऱ्याचे लाडू, पेढे आणि वाटेत शहाळी, अशी माझी शिदोरी होती. पहाटे रस्ते मोकळे होते, अंगात जोर होता. दादरला फुलांच्या बाजारातून जाताना हारवाले ओरडत होते, परळला दूधवाल्यांची लगबग चालली होती, आणि प्रत्येक फेरीला मी देवळाच्या कळसाला रस्त्यावरूनच नमस्कार करून पुढे जात होतो. चार फेऱ्या कशा झाल्या कळलंसुद्धा नाही. पाचव्या फेरीपासून खजूर तोंडात फिरायला लागला. सहाव्या फेरीत पेढा नुसता आठवला तरी मळमळायला लागलं. शहाळ्याचं पाणी प्यायलो, तेही गोडच लागलं. ऊन चढलं होतं, जर्सीवर घामाचं मीठ पांढरं फुटलं होतं, म्हणजे अंगातलं मीठ बाहेर पडताना दिसत होतं आणि आत मात्र काही जात नव्हतं. सातव्या फेरीला गिरगावात शिरताना दोन्ही पोटऱ्यांत असा वांब आला की सायकल सोडून देऊन मी खोताच्या वाडीच्या तोंडाशी, एका जुन्या लाकडी घराच्या पायरीवर मटकन बसलो.

तिथं बसून मला रडू आलं. पाय दुखत होतेच, पण भीती वेगळीच होती. फेऱ्या अर्ध्या राहिल्या तर? दिलेला शब्द मोडला आणि आईनं पुन्हा ताट सारलं तर? देव असा सूड उगवत नाही हे मला कळत होतं, तरी मन ऐकेना. मीठ खावं तर उपास मोडतो, न खावं तर फेऱ्या राहतात. मी मनात म्हटलं, बाप्पा, मला काही सुचत नाही. आता तूच बघ.

दार उघडलं आणि एक साठीच्या ख्रिस्ती बाई बाहेर आल्या. नंतर कळलं, त्यांचं नाव फिलोमिना. त्यांनी माझ्याकडे आणि आडव्या पडलेल्या सायकलीकडे पाहिलं. आत जाऊन त्या एक वाडगा घेऊन आल्या. "मिस्टरांना ताप होता म्हणून पेज केलेली. जास्तच झाली. घ्या."

उकड्या तांदळाची पेज होती, वाफ निघत होती, आणि बाजूला बशीत खारातली कैरी. त्या वासानंच तोंडाला पाणी सुटलं. मी कसाबसा म्हणालो, "माझा उपास आहे हो. मीठसुद्धा चालत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "आमचेपण उपासाचे दिवस चाललेत, मी जबरदस्ती नाय करणार. झाकून ठेवते. देव काय बोलतो बघा, आणि नको असेल तर तसंच ठेवून जा." त्यांनी वाडग्यावर ताटली ठेवली आणि त्या झाडांना पाणी घालायला लागल्या.

मी त्या झाकलेल्या वाडग्याकडे बघत बसलो. आताच तर म्हटलं होतं, तूच बघ. मग त्यानं बघितलेलं मला का पटत नव्हतं, हे मलाच कळेना. मी ताटली उचलली. पहिला घोट आणि त्यावर कैरीचा एक चावा, बस. ते सुख मला लिहिता येणार नाही. डोळे मिटून सगळी पेज प्यायलो, वाडगा बोटानं पुसून घेतला. फिलोमिनाबाईंनी न विचारता पुन्हा भरला.

दुसरा वाडगा संपतोय तोच फोन वाजला. सुषमा होती, आवाज रडवेला. "अहो, आई सकाळपासून जेवत नाहीयेत. नुसता चहा घेतलाय. मी काल तुमच्या उपासाचं सांगायला नको होतं त्यांना. म्हणतात, माझो झील उन्हात उपाशी फिरता, मी घास कसो गिळू?"

मी बशी खाली ठेवली. जिनं खावं म्हणून मी उपाशी होतो, ती मी उपाशी म्हणून खात नव्हती. मी म्हटलं, "आईला दे."

आईनं आधी एकच विचारलं. "काय खाल्लंस?"

"पेज."

"खंय?"

"गिरगावात. एका बाईंनी दिली."

"उकड्याची?"

"व्हय."

"आणि वांगडा?"

"खारातली कैरी."

मला वाटलं, आता ती विचारणार, उपासाचं काय? मग ती म्हणाली, "मीठ बरा होता?"

"बरा होता गो आई."

"सुषमा," फोन बाजूला न करताच ती ओरडली, "वाढ गो माका." आणि मग मला, "ऱ्हवलेले फेरे कर नि घराक ये. परत माझ्या नावार उपाशी ऱ्हवलंस तर बघ."

तो फोन आला तेव्हा मी पायरीवर उपाशी असतो, तर मला आईशी खोटं बोलावं लागलं असतं, आणि माझं खोटं तिला लगेच कळतं. पेज आधी आली आणि फोन नंतर. यात चमत्कार आहे असं मी कुणाला पटवायला जात नाही. फिलोमिनाबाईंना मी वाकून नमस्कार केला तर त्या मागे सरल्या, म्हणाल्या, "अहो, पेजच ती." मग बाटलीत मीठ-साखरेचं पाणी भरून दिलं. उरलेल्या फेऱ्यांत पाय पुन्हा नवे झाले असं म्हणणार नाही, पेडर रोडच्या चढावर बाप आठवला. पण मनावरचं ओझं गेलं होतं आणि मी चक्क गुणगुणत होतो. परळला एका गाडीवर थांबून मीठ-मसाला लावलेली काकडीही खाल्ली, अगदी उजळ माथ्यानं.

इतकी वर्षं मला वाटायचं की शरण जायचं म्हणजे देवासाठी काहीतरी सोडायचं, आणि जितकं अवघड तितकं बरं. काय सोडायचं तेही मीच ठरवणार, कसं सोडायचं तेही मीच. त्यात देवाला बोलायला जागा कुठे होती? त्या दुपारी पहिल्यांदा मी त्याच्यापुढे गप्प बसलो, आणि जे समोर आलं ते दोन्ही हातांनी घेतलं. घेणं मला सोडण्यापेक्षा जड गेलं, हे खरं आहे.

अकरावी फेरी संपवून, अंधार पडल्यावर मी दर्शनाच्या रांगेत उभा राहिलो. उपास मोडल्याची माफी कशी मागायची याची वाक्यं वरळीपासून जुळवत आलो होतो. समोर पोचलो तेव्हा त्यातलं एकही आठवलं नाही. मागून लोक ढकलत होते, पुजारी पुढे चला म्हणत होता. मी हात जोडले आणि म्हटलं, बाप्पा, आई जेवली.