गप्प माणसाचा चॅनेल

कवळीताई सव्वीस वर्षं कवळ्या बनवत होत्या, पण आपली एकही कवळी त्यांनी कोणाच्या तोंडात पाहिली नव्हती. दातांचे डॉक्टर माप घेऊन पाठवायचे. त्या मापावरून प्लास्टरचा जबडा ओतायचा, त्यावर गुलाबी मेण चढवायचं, मेणात एकेक दात रोवायचा आणि तयार कवळी डबीत घालून परत धाडायची. माणूस तिकडे, जबडा इकडे. कारखाना म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत ओतकाम आणि पॉलिशचं मशीन, दुसरीत चार टेबलं आणि चार माणसं.

हात गुंतलेले आणि कान मोकळे, अशी ही नोकरी. गाणी लावली की चौघांची तोंडं चार दिशांना व्हायची, म्हणून शेवटी ज्याने त्याने आपापल्या कानात आपापलं घालून घेतलं. ताईंनी आधी मालिका लावून पाहिल्या. पण मालिकेत दर दोन मिनिटांनी कोणीतरी हंबरडा फोडायचं आणि इकडे दात तिरका बसायचा. मग धाकट्या दिराने त्यांना व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचे चॅनेल दाखवले. ताई जन्मात कधी असला खेळ खेळल्या नव्हत्या, पुढेही खेळल्या नाहीत. बघायला मात्र लागल्या त्या लागल्याच.

नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. त्याला हे काही पटेना. "खेळ त्याने खेळायचा आणि बघायचा तू. म्हणजे जेवायचं त्याने आणि ढेकर तू द्यायचा," तो म्हणाला.

"तुम्ही मॅच बघता तेव्हा धावतं कोण?" ताईंनी विचारलं. त्यानंतर घरात हा विषय निघाला नाही.

वर्षभरात त्यांची पारख पक्की झाली. डोळे फाडून किंचाळणारे चॅनेल त्यांनी पहिल्या आठवड्यातच बाद केले. आवाज मोठा आणि कर्तृत्व छोटं, असा तिथला प्रकार. एक नवरा-बायको मिळून हॉटेल चालवण्याचा खेळ खेळायचे. ते भांडायचे छान, पण खेळापेक्षा भांडणच रंगायचं. एक बाई गुन्ह्याच्या तपासाचे खेळ खेळताना प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायची. ती ताईंना आवडायची, कारण कामावरून नजर न काढता गोष्ट कळायची.

पण खरा जीव जडला तो एका निवृत्त मोजणीदाराच्या चॅनेलवर. जमिनी मोजण्यात या गृहस्थाचं आयुष्य गेलेलं. आता तो भुयारं आणि पडके किल्ले धुंडाळण्याचे खेळ खेळायचा, आणि प्रत्येक भुयारात शिरल्यावर कागदावर पेन्सिलीने त्याचा नकाशा काढायला बसायचा. बघणारे जेमतेम तीनेकशे. पडद्याच्या कोपऱ्यात त्याचा चेहरा दिसे: बारीक मिशी, आत गेलेले गाल. खेळात मेला, तर तो भाग कापून टाकत नसे. मागे जाऊन दाखवायचा, "इथे डावीकडे बघायला हवं होतं. मी बघितलं नाही." एवढंच बोलायचा आणि पुन्हा गप्प. मग दहा दहा मिनिटं फक्त पावलांचा आणि पाण्याचा आवाज. अशा वेळी ताईंचे दात सुतात लागायचे.

त्या मोजक्या शब्दांत मात्र अधूनमधून टक् असा एक आवाज यायचा. बघणाऱ्यांना वाटायचं माइक खराब आहे. कोणी नवा माइक घ्या म्हणून लिहायचं, कोणी टिंगल करायचं. मोजणीदार कशालाच उत्तर देत नसे. ताईंना पहिल्याच दिवशी कळलं होतं की तो माइक नव्हे, वरची कवळी. तोंड जरा जास्त उघडलं की ती टाळू सोडून खाली येत होती आणि 'स' म्हणताना मागून वारा निसटत होता.

दोन महिने त्यांनी कळ काढली. अखेर राहवेना, तेव्हा एका दुपारी चहाच्या सुट्टीत त्यांनी त्याला खाजगी निरोप लिहिला. आपण कोण, काय काम करतो ते सांगितलं. वयाबरोबर हिरड्या आक्रसतात, पण कवळी आहे तेवढीच राहते, म्हणून ती सैल होते. यात तुमचा दोष नाही आणि नवी करून घेतली तर त्रास जाईल, असं सगळं सरळ लिहिलं.

उत्तर संध्याकाळी आलं. "मी खेळ दाखवतो, तोंड नाही. तिथे डोकावायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत जे व्हिडिओ आले त्यांत तो एक अक्षर बोलला नाही. कोपऱ्यातला चेहराही गेला. मेला तर निमूटपणे पुन्हा सुरुवात करायचा, का मेला ते सांगायचा नाही. ताईंना ते लागलं. नको तिथे नाक खुपसलं, असं त्या घरी म्हणाल्या. नवरा म्हणाला, नाक असतं तर चाललं असतं, तू दात खुपसलेस. ताई हसल्या नाहीत.

चौथ्या आठवड्यात निरोप आला. त्यात माफी वगैरे काही नव्हती, फक्त विचारणा होती: तुमच्याकडे कुठला डॉक्टर बरा?

तो चार तासांचा प्रवास करून आला, सोबत त्याची थोरली बहीण. ताईंनी सुचवलेल्या डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं. मेणाची कवळी घालून बघायच्या दिवशी त्यांनी ताईंना मुद्दाम बोलावून घेतलं. दवाखान्याच्या खुर्चीत कोणीतरी आ करून बसलंय आणि आपण समोर उभ्या आहोत, हे ताईंना इतकं नवं होतं की आधी त्यांनी चेहरा पाहिलाच नाही, थेट हिरड्याच पाहिल्या. मग त्यांनी त्याला एकसष्टपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावले. त्या दहा आकड्यांत 'स' आणि 'ष' ठासून भरलेत. तो एकसष्ट, बासष्ट म्हणत गेला. त्रेसष्टला थोडी शीळ वाजली. ताईंनी पुढचे दोन दात केसभर आत घेतले आणि पुन्हा म्हणायला लावलं. या खेपेला शीळ वाजली नाही.

बहीण बाजूच्या बाकावरून सांगत होती की भावजय गेल्यापासून हा नीट जेवतही नाही आणि बोलत तर त्याहून नाही. त्याने तिला हाताने थांबवलं.

निघताना त्याने ताईंना विचारलं, "एवढे चॅनेल आहेत. माझा का बघता?"

"हरलात की का हरलात ते सांगता. आणि बाकी वेळ गप्प बसता."

तो हसला, पण तोंडावर हात धरून.

पंधरवड्याने पक्की कवळी गेली. त्यानंतरच्या पहिल्या व्हिडिओत तो पुन्हा कोपऱ्यात दिसू लागला. गाल भरलेले, टक् आवाज गेलेला. आणि तो बोलला. भुयाराच्या तोंडाशी उभं राहून वीस मिनिटं बोलला. नोकरीत मोजलेल्या डोंगरांविषयी, एका साहेबाच्या चुकलेल्या मोजणीविषयी, बायको नकाशाच्या मागच्या बाजूला वाणसामानाची यादी कशी लिहायची त्याविषयी. बांध फुटावा तसा तो बोलत राहिला. लोकांना फार आवडलं. तीनशेचे चार हजार झाले.

ताईंना आवडलं नाही. बोलण्याच्या ओघात तो नकाशा काढायला विसरायचा, मरायचा, आणि का मेला ते सांगण्याआधी दुसरीच आठवण सुरू करायचा. दोनदा दात तिरके बसले, मेण वितळवून पुन्हा लावावे लागले. आपण केलेली कवळी उत्तम बसली आहे, हे प्रत्येक शब्दात ऐकू येत होतं आणि तीच तर अडचण होती. महिनाभर त्यांनी तो चॅनेल लावला नाही; एरवी व्हिडिओखाली दोन शब्द लिहायच्या, तेही थांबलं.

मग त्यानेच विचारलं, हल्ली तुमचं काही येत नाही, कवळी चुकली की काय? ताईंनी एकदा खरं लिहून पाहिलं होतं, आणि खोटं लिहायची सवय नव्हती. कवळी बरोबर आहे, त्यांनी लिहिलं, पण तुम्ही आता फार बोलता आणि भुयार राहून जातं.

या वेळी उत्तर लगेच आलं. "दात तुम्हीच दिलेत, ताई. चावलो तर सोसा. चार वर्षं तोंड मिटून होतो, आता नाही मिटणार."

ताईंनी ते नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, बरोबर आहे माणसाचं. ताईंनाही ते बरोबरच वाटलं.

कामाच्या वेळेसाठी त्यांनी नवा चॅनेल शोधला. त्यात एक माणूस आगगाडीचे रूळ टाकायचा आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. मोजणीदाराला ताई आता रविवारी लावतात, हात रिकामे असताना. त्याची बहीणही हल्ली त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसते आणि डावीकडे बघ म्हणून ओरडते. तो बघत नाही. ताई पूर्ण तासभर ऐकतात, भुयार राहून गेलं तरी बंद करत नाहीत.