छतावर पसरलेलं लाल लुगडं

परवा सक्करदऱ्याच्या मैदानात खासगी दवाखान्याचं हेलिकॉप्टर उतरलं. त्यातली नर्स प्रत्येक पट्टा सोडताना पेशंटला समजावून सांगत होती. धुळीत मिसळलेला रॉकेलसारखा वास आला, आणि मी पारशिवनीजवळच्या आमच्या गावात, पुरानं वेढलेल्या शाळेच्या छतावर जाऊन पोचले.

लष्कराचं हेलिकॉप्टर दिसताच आम्ही सगळ्यांनी हसत हात हलवले, एरवी विमानाला हलवायचो तसेच. आम्ही मजेत आहोत असं वाटून ते पुढे गेलं.

"टाटा काहून करून राहिले गा?" आई ओरडली. अंगावरचं लाल लुगडं सोडून तिनं छतावर पसरलं, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि स्वतः पोतं पांघरून बसली.

हेलिकॉप्टर वळलं. दोरावरून जवान उतरला. त्यानं आधी लुगडं उचलून आईला दिलं आणि ती नेसून होईपर्यंत पाठ करून उभा राहिला. पाणी चढत होतं. हा खोळंबला काहून, म्हणून मला त्याचा रागच आला होता.

आई मात्र शेवटपर्यंत सांगायची, "त्यानं मले आधी लुगडं देल्लं वं, मंग जीव."