बोटांची हजेरी

हजेरीमायला वीसच्या पुढे मोजता येत नव्हतं, आणि त्या विसांतली तिची स्वतःची सतराच बोटं उरली होती. तरी रोज सकाळी ती आमच्या दवाखान्याच्या ओट्यावर तीस माणसांना पाय पसरून बसवायची आणि प्रत्येकाच्या प्रत्येक बोटाची नावानिशी हजेरी घ्यायची. "आंगठा?" "हाजर." "करंगयी?" "हाजर वं माय." इकडे मी जखमा धुवायचं गुलाबी पाणी कालवून ताटकळत उभी. पाणी निवून जायचं, डॉक्टर माझ्यावर डाफरायचे, आणि ही बाई शांतपणे म्हणायची, "थांब ना वं बाई. पट्टी बांधशीन कोनाले? आंधी बोट हाय का नाई, ते तं पाहू दे."

गोष्ट पन्नास सालानंतरची. देवळीच्या रस्त्यावर, थोडा आत, महारोग्यांचा एक लहानसा दवाखाना होता. मी तिथे पट्ट्या बांधायला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. माय वडनेरकडची. रोग कळला तसं नवऱ्यानं तिला बैलगाडीत घालून आणलं, फाटकाशी उतरवलं आणि वर्षाच्या आत दुसरी केली. लहान पोरगी मामाकडे राहिली.

हजेरीचं खूळ एका उंदरामुळे सुरू झालं. या रोगात हातपाय बधिर होतात. निखारा लागो, काटा रुतो, माणसाला पत्ता नाही. एका म्हाताऱ्याच्या पायाचं बोट रात्रीत उंदरानं कुरतडलं आणि सकाळी मी पाणी घेऊन गेले तेव्हा त्याला ते कळलं. "पाय माहा, अन् मलेच खबर नाई," एवढंच म्हणाला. त्या दिवशी माय जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना ओट्यावर बसवलं. तिचं म्हणणं साधं होतं, "जे दुखत नाई त्याची याद राह्यत नाई. म्हून त्याले नाव पाह्यजे."

आणि नाव ज्याच्या त्याच्या बोलीतलं. हिंगणघाटच्या शिंपीचाचांची तर्जनी 'शहादत की उंगली' म्हणून हजर व्हायची. आदिलाबादकडचा राजन्ना करंगळीला 'चिटिकेन वेलु' म्हणायचा, छिंदवाड्याचा मजूर 'छिंगुली', तर एक गुजराती बाई 'टचली आंगळी'. मायला लिहिता येत नव्हतं, पण तीस जणांची नावं तिला तोंडपाठ. कोणी नवा आला की हिचा पहिला प्रश्न, "तुमच्याकडं याले काय म्हंतेत?" मी वैतागून म्हणायची, "माय, सगळ्यांना करंगळीच म्हण ना, काम आटपेल!" त्यावर ती, "तुले कोनी दुसऱ्याच्या नावानं हाक मारली तं तू ओ देशीन काय?" घ्या! हिच्याशी कोण वाद घालणार?

पायाची खरी पंचाईत होती. अंगठा आणि करंगळी सोडली तर मधल्या तीन बोटांना नावंच नाहीत. मायनं ती बायकांच्या पायांतल्या दागिन्यांवरून पाडली. अंगठ्यात अनवट, पुढे जोडवं, विरोदी, मासोळी, आणि करंगळीत गेंद. बाप्यांनाही तीच. अल्लीपूरचा एक पैलवान 'मासोळी' म्हणायला तयार होईना, मिशीला पीळ देत बसला. माय म्हणाली, "बोट गेलं का मंग मिशीले पीळ देत बसजो." दुसऱ्या दिवशी गडी सगळ्यांत मोठ्यानं ओरडला, "मासोळी हाजर!" हसू दाबता दाबता माझ्या हातातलं भांडं सांडलं.

मग वैशाखात मायच्या पोरीचं लग्न ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तोवर नवी जखम झाली नाही तर घरी जायचा कागद देतो. लग्नाला महिना होता. सात वर्षांनी बाई पोरीला बघणार होती. ती कोणी न सांगता स्वतःचे पाय दिवसातून तीनदा तपासू लागली, आणि मीही, खोटं कशाला बोलू, दिवस मोजायला लागले.

शेवटच्या आठवड्यात तिनं डाव्या पायाला फडकं गुंडाळलं. मी विचारलं, तर म्हणाली, "धूळ लागून राह्यली वं." हजेरीत स्वतःची नावं ती स्वतःच पुकारायची आणि स्वतःच 'हाजर' म्हणायची. मला घाई. मी फडकं सोडून पाहिलं नाही. सहाव्या दिवशी वास आला म्हणून सोडलं, तर आत जोडवं! आल्या दिवशी डॉक्टरांनी काढायला लावलेलं तेच जुनं, लुगड्याच्या गाठीत जपून ठेवलेलं. पाय आता सुजलेला, चांदी मांसात रुतलेली, बोट काळं ठिक्कर. आणि बाईला काहीही कळलं नव्हतं.

मी सगळ्या ओट्यासमोर तिच्यावर ओरडले. "कशाला घातलंस? कोणासाठी?" ती खाली मान घालून म्हणाली, "नवरा जित्ता असताना पोरीच्या लग्नात मोकया पायानं कशी उभी राहू? सवय करून पाह्यत होतो." ज्यानं वर्षात दुसरी केली त्याच्या नावाचं जोडवं! मला तिचा संताप आला, त्या नवऱ्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त माझा. पट्ट्या बांधणारी मी होते. बघायचं काम माझं होतं.

बोट काढावं लागलं. कागद राहिला. लग्न झालं. माय रोज हजेरी घेत राहिली, पण मी तिच्याकडे धड बघू शकत नव्हते.

पंधरा दिवसांनी पोरगी आली. एकटीच, देवळीच्या बसनं, हातात हिरवा चुडा. ती फाटकाबाहेरच थांबली. माय काठी टेकत गेली आणि दहा हातांवर उभी राहिली. मला वाटलं आता रडारड होईल. पण मायनं ना जावयाचं विचारलं, ना सासूचं. म्हणाली, "चप्पल काढ. पाय पुढं कर. एकेका बोटाले चिमटा घे बरं, जोरानं."

पोरगी बावरली. खाली बसली आणि घेत गेली. पाचवा चिमटा झाल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "लागते वं माय! काऊन अशी करून राह्यली? लय लागते!"

"बाई, आयकलं का?" माय माझ्याकडे वळून ओरडली. "लागते म्हन्ते! पाचहीले लागते!" आणि ती लंगडत तशीच आत पळाली. राजन्नाला, चाचांना, पैलवानाला, ज्याला जी बोली कळेल त्या बोलीत सांगत सुटली, की माझ्या पोरीची बोटं दुखतात.