भुवईमास्तरांची शिशाची फौज

कपाटाचं दार उघडलं, मास्तरांनी सेनापतीला उचललं, आणि सेनापतीचं डोकं निखळून फळीवर पडलं.

ओढलं नव्हतं, आपटलं नव्हतं. दोन बोटांत नुसतं धरलं होतं. मान ओल्या खडूसारखी भुगा झाली आणि घोड्यावर बिनडोक्याचा सेनापती तलवार उगारून तसाच बसून राहिला. मास्तरांनी शेजारचा बंदूकवाला उचलला. तो वर आला, त्याचे पाय मात्र खालीच राहिले. मागच्या रांगेतल्या नगारचीच्या अंगावर पांढरे फोड उठले होते. सगळ्या फौजेवर जणू कोणी पीठ भुरभुरवलं होतं.

"अगं," मास्तरांनी कसाबसा आवाज काढला, "अगं, इकडे ये."

बायको हात पुसत आली. "आता काय पाडलंत?"

"पाडलं नाही. मेलेत."

"कोण मेलं?"

"सगळे."

भुवईमास्तर म्हणजे एका फिरत्या नाटक मंडळीचे रंगभूषाकार. उभी हयात त्यांनी दुसऱ्यांचे चेहरे रंगवण्यात घालवली. खुर्चीत कोणीही बसलं तरी ते आधी भुवई काढत, म्हणून हे नाव पडलं आणि खरं नाव सगळे विसरले. "भुवई बसली की माणूस बसला," ते म्हणायचे. एकदा नवखा नायक पडदा वर जायच्या आधी लटलट कापत होता. मास्तरांनी त्याची हनुवटी दोन बोटांनी उचलली, भुवईची शेवटची रेघ ओढली आणि म्हणाले, "घाबरायचं तेवढं आत्ता घाबरून घे. राजाला घाबरता येत नाही." पोरगा गेला आणि त्याने थिएटर दणाणून सोडलं. विंगेत उभे राहून मास्तर टाळ्या ऐकत. त्यातली एकही त्यांच्या नावाची नसे, पण त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही.

मंडळी बंद पडली आणि मास्तरांचे हात रिकामे झाले. ते घरातल्या खुर्च्या रंगवू लागले, मग दरवाजे, मग फुलांच्या कुंड्या. "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," असं बायको येता-जाता म्हणायची. तिला भीती एवढीच होती, की एक दिवस हे कुंचला घेऊन आपल्यापर्यंत पोचणार.

त्यातून त्यांना सोडवलं व्याह्यांनी. व्याही म्हणजे जमीन मोजणारे, साखळी आणि फूटपट्टी यांच्यावर आयुष्य काढलेले. बोलणंसुद्धा मापून. त्यांना एकच वेड होतं. अठराव्या शतकातल्या लढाया ते टेबलावर लढत. एका बाजूला समुद्रापलीकडून आलेल्या व्यापाऱ्यांची लाल डगल्यातली पलटण, दुसऱ्या बाजूला इथल्या राजाची फौज. शिपाई करंगळीच्या अर्ध्या उंचीचे. चाल फूटपट्टीने मोजायची, गोळी लागली की नाही हे फाशाने ठरवायचं. लाल पलटण व्याह्यांकडे पेट्या भरभरून होती. समोर लढायला मात्र कोणी नव्हतं, म्हणून राजाच्या फौजेच्या जागी ते शर्टाची बटणं मांडत.

"बटणांशी लढता?" मास्तर पहिल्याच दिवशी हसले.

"मग काय करू? दुकानात मिळत नाहीत."

मास्तरांना ते पटेना. ते स्वतः दुकानं पालथी घालत फिरले. खेळण्यांच्या दुकानात गेले, जुन्या बाजारात गेले, परदेशातून माल मागवणाऱ्या एका माणसाकडेही जाऊन बसले. तो म्हणाला, "काका, लाल डगले हवे तेवढे घ्या. उभे, बसलेले, नेम धरलेले, जखमी झालेले. त्यांच्यासमोर लढणारे कोणी बनवत नाही. खप नाही."

"मग हे लढले कोणाशी? आरशाशी?"

तो माणूस दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मास्तर मात्र घरी येताना गुणगुणत आले. नट मिळत नाही म्हणून नाटक थांबतं होय? हाताशी असेल त्याला उभं करायचं, भुवई काढायची, की झाला राजा! त्यांनी जुन्या बाजारातून शिशाचे मिळतील ते शिपाई गोळा केले. वाळवंटातले स्वार, कुठल्या तरी पुरातन युद्धातले तिरंदाज, तुटक्या गलबतावरचे खलाशी. मुलांच्या आगगाडीच्या खेळातले फलाटावरचे हमालसुद्धा घेतले. मग कानस, सुई आणि मळून लावायची लांबी घेऊन ते खिडकीशी बसले. टोप्या उतरल्या, मुंडाशी चढली. टाचणीची तोड्याची बंदूक झाली आणि तिच्या जळत्या वातीच्या टोकाला लाल रंगाचा ठिपका आला.

व्याही भिंग घेऊन तपासायला बसत. "हा तुमचा पखालवाला आगगाडीतला आहे. सदऱ्याला बटणं आहेत."

"तुमच्या जुन्या फौजेत तर सगळी बटणंच होती!"

"विनोद नको. बटणं घासा."

मास्तर घासत. आणि सगळ्यात शेवटी, डाळीच्या दाण्याएवढ्या चेहऱ्यावर, एका केसाच्या कुंचल्याने भुवया काढत. एक दिवस बायको वाकून बघता बघता ओरडली, "अहो, हा तर आपला खलनायक!" खरंच होतं. सेनापती म्हणजे मंडळीचा जुना नायक होता. नगारची तबलजी होता, पखालवाला चहा आणणारा. त्यांतले बरेचसे आता जगात नव्हते. मास्तरांनी त्यांना गुपचूप एकेक भूमिका देऊन टाकली होती.

फौज पूर्ण झाली तेव्हा जावयाने तिच्यासाठी कपाट केलं. जावई सुतार, याच मोजणीदार व्याह्यांचा मुलगा. बापाची इच्छा होती की त्याने आपल्याच खात्यात लागावं. तो रंधा घेऊन बसला, तेव्हापासून बाप चारचौघांत म्हणायचा, "आमच्या चिरंजीवांना लाकूड कळतं, काटकोन कळत नाही." कपाट जाड लाकडाचं होतं, पुढे काचेची दारं, आणि धुळीचा कण आत जाऊ नये म्हणून फटींना सिलिकॉन भरलेलं. बापाने गुण्या काढून प्रत्येक कोपऱ्याला लावला. कुठेच चूक सापडली नाही. तो म्हणाला, "हं."

एवढंच. पण जावई त्या दिवशी जेवताना दोनदा उगाचच हसला, हे मास्तरांच्या मुलीने आईला सांगितलं होतं.

पाठोपाठ मास्तरांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, आधी एका डोळ्याची, मग काही महिन्यांनी दुसऱ्याची. जवळचं बारीक काम बंद, वाकायचं नाही, डोळ्यांवर ताण नको. फौज कपाटात बंद राहिली. बायको काच बाहेरून पुसायची. आत पांढुरकं दिसतं म्हणून तिला वाटे, काचेलाच डाग पडलेत. आज डॉक्टरांची बंधनं संपली होती. दुपारी व्याही पलटण घेऊन मोठी लढाई खेळायला येणार होते, मुलगी आणि जावईही येणार होते. म्हणून मास्तरांनी नव्या डोळ्यांनी दार उघडलं होतं.

"मी आत हातसुद्धा घातलेला नाही हं," बायको म्हणाली आणि फळीवरचा पांढरा भुगा बोटाने टिपायला गेली.

"हात लावू नकोस! विष आहे ते!"

मास्तर एवढ्या जोरात ओरडले की ती दचकून मागे सरली. आयुष्यात तिने त्यांचा हा आवाज ऐकला नव्हता. मास्तरांनी तिला मोरीकडे पिटाळलं, स्वतःचेही हात साबणाने धुतले, परत आले आणि कपाटात नाक घातलं. आंबट वास आला. व्हिनेगरसारखा.

ते खाली बसले. हा वास ते ओळखत होते. त्यांचे गुरू सांगायचे, की फार पूर्वी नटांच्या तोंडाला लावायचा पांढरा सफेदा असाच करत. शिशाच्या पट्ट्या व्हिनेगरच्या वाफेत झाकून ठेवायच्या, की शिसं फुलून त्याची पांढरी भुकटी होते. तो सफेदा फासून कितीतरी नट आजारी पडले, म्हणून गुरूंनी त्याला कधी शिवू दिलं नाही. ताजं लाकूड अशीच आंबट वाफ सोडतं, वर सिलिकॉनही, आणि हवा जायला फट नाही. जावयाने सगळं इतकं चोख केलं होतं की कपाटाची सफेद्याची भट्टी झाली होती. थोडी गचाळ सुतारकी असती, तर फौज वाचली असती.

"कपाटामुळे झालं?" बायको कुजबुजली. "अहो, हे व्याह्यांना कळलं तर…"

"माहीत आहे."

"ते पोराला जगू देणार नाहीत. जन्मभर ऐकवतील."

"माहीत आहे म्हटलं ना!"

सेनापतीचं डोकं अजून फळीवर पडलं होतं, भुवया शाबूत. मास्तरांनी ते चिमट्याने उचलून वाटीत ठेवलं आणि उठले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी ठरल्यासारखं दिसू लागलं. बायकोने ओळखलं, आता हे सोंग घेणार.

दारावर थाप पडली. व्याही पेट्या घेऊन आत आले, मागून मुलगी आणि जावई. कोणी पाणी मागायच्या आतच मास्तर खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"व्याही, घात झाला! माझ्याच हातून झाला. जुना रंग उतरवायला व्हिनेगर आणलं होतं, ती बाटली उघडीच आत राहिली. सगळं शिसं खाऊन टाकलं तिने. म्हातारा झालो हो!"

व्याह्यांनी पेट्या खाली ठेवल्या. भिंग काढून कपाटाशी गेले. एकेक रांग बघत गेले. पखालवाल्याशी पोचल्यावर त्यांचा हात थांबला.

"बाटली कुठे आहे?"

"फेकली."

"शस्त्रक्रियेनंतर तुम्ही रंगाला हात लावलेला नाही. मग ती आत ठेवली कधी?"

मास्तर गडबडले. मोठमोठ्या नटांना त्यांनी भूमिकेत उभं केलं होतं, पण स्वतः कधी रंगमंचावर पाऊल टाकलं नव्हतं. "आधी… म्हणजे, तेव्हाच…"

"मामा, राहू द्या," जावई म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो कपाटाजवळ जाऊन वास घेऊन आला होता. "बाटली नव्हती. लाकूडच आहे. पुरतं मुरलं नव्हतं, मी घाई केली. आणि सिलिकॉनलाही हाच वास येतो." मग तो बापाकडे वळला. "बाबा, माझ्यामुळे झालं. बोला काय बोलायचं ते."

मुलीने नवऱ्याची बाही धरली. मास्तरांना वाटलं, आता वीज पडणार. आणि आपल्या कच्च्या नाटकामुळे पोराला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागलं, म्हणून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

व्याही खुर्चीत बसले. भिंगाची काच रुमालाने पुसू लागले. पुसता पुसताच ते बोलले.

"धुळीचा कण आत जाऊ देऊ नकोस, असं मीच म्हटलं होतं. ऐकलंस तू माझं. कधी नव्हे ते."

जावई बघतच राहिला. मास्तरही. त्या माणसाने चूक कबूल केल्याचं त्या घरात कोणी पाहिलेलं नव्हतं. शेतांच्या हद्दींवरून लोक त्यांच्याशी जन्मभर भांडले, पण त्यांनी कधी बोटभर जागा सोडली नव्हती.

"काही वाचवता येईल?" त्यांनी विचारलं. मास्तर उत्तर द्यायला पुढे झाले, तर व्याह्यांनी हाताने थांबवलं. "तुम्हाला नाही विचारलं. याला विचारतो आहे."

जावई कपाटाकडे वळला. "आधी सगळे बाहेर काढू. हातमोजे घालून. उघड्या हवेत ठेवले, पत्र्याच्या ट्रेमध्ये, तर रोग पुढे नाही जायचा. ज्यांना नुसती भुकटी धरली आहे ते राहतील. ज्यांचे पाय गेले ते…"

"किती राहतील?"

"काढल्याशिवाय नाही कळणार, बाबा."

"मग काढ. आणि कपाटाची दारं उतरव. आत्ताच."

"कपाटच मोडतो ना. कशाला ठेवायचं?"

"दारं उतरव म्हटलं. कपाट राहू दे." व्याह्यांनी भिंग खिशात टाकलं. "कोपरे चांगले आहेत."

जावयाने पेचकस काढला, पण पहिलाच स्क्रू त्याच्या हातून घसरून खाली पडला. बाप वाकला, गुडघ्यावर हात टेकत टेकत खाली बसला आणि टेबलाखाली स्क्रू शोधू लागला. मास्तर हातमोजे आणायला आत गेले. तिथे भिंतीला तोंड करून बायको उभी होती.

"रडतेस काय?"

"रडत नाही. तुमचा अभिनय आठवला," ती म्हणाली. "किती वाईट करता हो!"

"पहिलाच प्रयोग होता," मास्तर म्हणाले, आणि हातमोजे घेऊन बाहेर धावले.