बाबांचं दुसरं मेडल

चाळीसहून जास्त वर्षं मी माझ्या वडिलांचा गुन्हेगार होतो. वडिलांना त्याचा पत्ता नव्हता, हा भाग वेगळा.

तिसरीत असताना शाळेत वेशभूषा स्पर्धा होती. वसईतल्या आमच्या उमेळ्यात त्या वर्षी तीन कृष्ण आणि चार कोळी आधीच ठरले होते, म्हणून आईने मला सैनिक केलं. बाबा सैन्यात होते, एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी नोकरीत होते, त्यामुळे पत्र्याच्या पेटीत खरंखुरं मेडल होतं. ते छातीवर लावून मी स्टेजवर गेलो आणि डाव्या हाताने सॅल्यूट ठोकला. बक्षीस मिळालं नाही हे सांगायला नकोच. त्या दुःखात घरी येताना केळीच्या वाडीतला पाट मी उडी मारून ओलांडायला गेलो, आणि निम्मा पाटातच उतरलो. घरी बाबांनी मेडल पेटीत ठेवता ठेवता विचारलं, "सगळं आलं ना परत?"

मी "हो" म्हणालो.

दोन वर्षांनी पंधरा ऑगस्टला शाळेत एक माजी सैनिक पाहुणे म्हणून आले. त्यांच्या छातीवर दोन पदकं. बाईंनी सांगितलं, दोन्ही एकाहत्तरच्या लढाईची. एक पाच टोकांचा स्टार, एक गोल मेडल. आमच्या पेटीत फक्त गोल होतं. मग स्टार गेला कुठे?

पाटात. दुसरं कुठे जाणार?

दिवाळीच्या सुट्टीत मासे पकडायच्या नावाखाली मी पाटातला चिखल दोन्ही हातांनी उपसला. गोगलगाई निघाल्या, कुणाची तरी एक लहानशी चप्पल निघाली, ती मी चिडून लांब भिरकावली. स्टार नाही. पुढे पुढे तर मला आठवायलाही लागलं, की त्या दिवशी शर्टाला दोन वजनं लोंबत होती आणि उडी मारल्यावर एकच उरलं. आठवण या बाबतीत फार मदत करते.

बाबांना विचारायची सोय नव्हती. ते मारणाऱ्यातले नव्हते, गप्प बसणाऱ्यातले होते, आणि ते जास्त वाईट. लढाईबद्दल तर अवाक्षर काढायचे नाहीत. मला वाटायचं, स्टारच्या दुःखानेच गप्प आहेत. त्याची भरपाई म्हणून मी त्यांचा पराक्रम वाढवत नेला. स्टारवाला माणूस म्हणजे आघाडीवर लढलेलाच असणार. सासुरवाडीला सांगितलं, ऑफिसात सांगितलं, स्वतःच्या मुलांना झोपवताना तर बाबांना थेट रणगाड्यावर चढवलं. दरम्यान त्या वाडीत सात मजली इमारत उभी राहिली. तिच्या पायात आमचा स्टार गाडला गेलाय, या समजुतीने मी तिच्यासमोरून जाताना मान खाली घालत असे.

आता आम्ही वसईतच, पूर्वेला गोखिवऱ्याला फ्लॅटमध्ये राहतो. यंदा सोसायटीने सव्वीस जानेवारीला बाबांचा सत्कार ठरवला. सेक्रेटरी म्हणाले, "काकांना सगळी मेडल लावून आणा हां." सत्कार करणार होते बी विंगमधले निवृत्त सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे. त्यांच्याकडे स्टारही होता आणि गोल मेडलही. म्हणजे बाबांच्या छातीवर काय कमी आहे, ते त्यांना एका नजरेत कळणार.

मी वालीव गाठलं. तिथे शाळांसाठी ट्रॉफ्या आणि बिल्ले बनवणारा एक कारखाना आहे. मालकाने मोबाइलवर फोटो शोधले आणि विचारलं, "'पूर्वी' स्टार की 'पश्चिमी'? पूर्व आणि पश्चिम आघाडीचे दोन वेगळे होते."

वसईत राहणाऱ्या माणसाला पूर्व की पश्चिम असं विचारलं, की तो डोकं न वापरता गावाचा पत्ता सांगतो. "उमेळे म्हणजे वेस्ट," मी म्हणालो. पश्चिमी स्टार तयार झाला.

सव्वीसच्या सकाळी तो बायकोच्या हाती लागला.

"अहो, हे काय? पाठांतर स्पर्धेत मिळालंय का?"

मी सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. "बाबांना सरळ सांगून टाका. पन्नाशी उलटली तुमची, आता काय उठाबशा काढायला लावणार आहेत?"

बाबा बाल्कनीत दाढी करत होते. मी तो स्टार त्यांच्यासमोर ठेवला.

"हे कुनाचं?"

"तुमचं. म्हणजे तुमचं जे मी हरवलं, त्याच्याऐवजी." आणि वेशभूषा, पाट, चिखल, इमारत, वालीव असं सगळं मी एका दमात ओकलो.

बाबा इतके हसले, की फेस आरशावर उडाला. हा माणूस असा हसू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

"अरे खुळ्या, मला स्टार मिळालाच कुठं? स्टार लढाईच्या मुलखात होते त्यांना. गोल मेडल तेव्हा वर्दीत असलेल्या सगळ्यांना. लढले त्यांच्याकडं दोन, आमच्यासारख्यांकडं एक. मी जबलपूरला, ट्रकच्या खाली. शत्रू नाही बघितला, ऑइल बघितलं."

"मग तेव्हा 'सगळं आलं ना परत' असं का विचारलंत?"

"तुझ्या एका पायात चप्पल नव्हती म्हनून."

मी पाटातून काढून भिरकावलेली चप्पल माझीच होती.

छातीवरून भरलेला ट्रक उतरल्यासारखं वाटलं. तेवढ्यात दुसरा ट्रक आठवला. "बाबा, पण मी सेक्रेटरींना सांगितलंय, तुम्ही आघाडीवर होतात."

"ते मी बघतो. आनि हे वालीवला परत दे, वितळवू दे त्याला. आपल्याला मिळालं नाही ते लावायचं नसतं."

खाली सेक्रेटरींनी "सीमेवर प्राणपणाने लढलेले" अशी सुरुवात केली आणि मी पाण्याच्या टाकीमागे जागा शोधू लागलो. बाबांनी माइक मागून घेतला. "मी लढलो नाही. गाड्या दुरुस्त करत होतो," एवढंच बोलले. सेक्रेटरी हातातला कागद उलटून पाहू लागले.

सुभेदार पुढे आले. बाबांच्या छातीवरचं एकटं गोल मेडल त्यांनी निरखलं.

"म्हणजे ऐन चढावर आमच्या गाड्या बंद पडायच्या, त्या तुमच्या कृपेनं होय?"

"गाडी नीटच धाडली होती, साब. चढावर दुसरा गिअर टाकायचा, हे चालवनाऱ्याला कोन सांगनार?"

सुभेदार खो खो हसले, मग पायाला पाय जुळवून त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. उजव्या हाताने. नंतर पोहे गार होईपर्यंत दोघं एका खुर्चीजवळ दुसरी ओढून क्लचप्लेटवर भांडत बसले. माझ्या मुलीने विचारलं, "आजोबा रणगाड्यावर नव्हते?" मी म्हणालो, "रणगाड्याच्या नातेवाइकांत होते."

घरी आल्यावर बाबांनी मेडल पुसून पेटीत ठेवलं आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "सगळं आलं ना परत?"

मी पायांकडे पाहिलं. दोन्ही चपला होत्या.

"हो," म्हणालो.